इंजिन आणि चाक यांच्यामधला दांडा

मोटारीविषयी बोलू लागले की आपण इंजिनाविषयी बोलू लागतो. ते किती अश्वशक्तीचे, किती सिलिंडरांचे, लिटरमागे किती किलोमीटर नेणारे, हे प्रश्न विचारण्याची आपली रीत आहे. त्यानंतर मान मिळतो तो गाडीच्या रूपाला. या दोहोंच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली, वंगणाने माखलेला आणि धुळीने झाकलेला एक पोलादी दांडा फिरत असतो. तो मोडेपर्यंत त्याची आठवण कोणालाही होत नाही. इंजिनात निर्माण झालेला पीळ चाकापर्यंत पोचविणे, एवढेच त्याचे काम. त्याला ड्राइव्हशाफ्ट म्हणतात. आपल्या गॅरेजांतून त्याचे नाव सरसकट ‘एक्सल’ असे आहे. ज्या हौशी गृहस्थांनी स्वतःच्या हाताने मोटार बांधावयाचे मनावर घेतले आहे त्यांना हा दांडा कापण्याजोडण्याचा एक मोठा उद्योग करावा लागतो. आज मी बोलणार आहे तो त्या उद्योगाविषयी.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो आणि सरकारी नोकरीत शिरलो. नियमांचे मसुदे वाचणे व त्यांच्या समासात शेरे लिहिणे हा माझा नित्याचा व्यवसाय आहे. तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा आला, हे सांगितले पाहिजे. दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर मयूर विहार नावाची वसाहत आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे सहकारी गृहसंस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतून निरनिराळ्या प्रांतांतील नोकरदार मंडळी राहावयास आली. आमच्या इमारतीत पासष्टी ओलांडलेले एक मराठी गृहस्थ आहेत. मूळचे इचलकरंजीकडचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीखालच्या आपल्या हक्काच्या वाहनतळात, दोन खांबांच्या मध्ये, चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा जोडावयास घेतला. ती मोटार होणार आहे हे कळल्यावर संस्थेच्या कार्यकारिणीत दोन तट पडले. नियम जाणणारा माणूस म्हणून मला मध्यस्थीस बोलावण्यात आले. मध्यस्थी करता करता मी दांड्यापर्यंत पोचलो.

इचलकरंजीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मराठी मुलखात घरी मोटार बांधण्याची गोष्ट निघाली म्हणजे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे नाव घ्यावेच लागते. या गृहस्थांनी ‘मीरा’ नावाची एक छोटी मोटार स्वतः घडविली. तिचा पहिला नमुना १९४९ सालचा. त्यानंतर १९७० च्या सुमारापर्यंत त्यांनी तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. इंजिन मागच्या बाजूला बसविलेले होते, धक्के शोषण्यासाठी रबराचा उपयोग केलेला होता, आणि सामान्य माणसाला सुमारे बारा हजार रुपयांत ती द्यावी, असा त्यांचा मनोदय होता. मीरा कधी कारखान्यातून बाहेर पडली नाही. परंतु त्या भागातल्या एका पिढीच्या मनात मोटार ही माणसाला करता येण्याजोगी वस्तू आहे, ही कल्पना मात्र तिने रुजविली. माझे शेजारी त्या पिढीतले. “साहेब, आमच्या गावात मोटार परदेशातून येते असं कुणी म्हणत नव्हतं. ती शंकररावांकडे होते, असं म्हणत,” हे त्यांचे वाक्य.

आता दांड्याकडे वळू. बैलगाडीला आस असते आणि त्यावर चाके फिरतात. पण त्या आसाला फक्त भार वाहावयाचा असतो. ओढण्याचे काम बैल करतात, आणि चाक आपले जमिनीवरून लोळत जाते. मोटारीत बैल नाही. तेथे चाकालाच जमीन मागे रेटावी लागते, आणि ती रेटण्यासाठी लागणारा पीळ कोणीतरी आत आणून पोचवावा लागतो. शिवाय अडचण अशी की, इंजिन सांगाड्याला बांधलेले असते, आणि चाक मात्र स्प्रिंगेवर खालीवर होत असते. म्हणजे जो दांडा या दोघांना जोडतो त्याचे एक टोक स्थिर आणि दुसरे टोक अखंड हलते. तो फिरता फिरता कललाही पाहिजे, आणि कलता कलता त्याची लांबीही थोडी कमीजास्त झाली पाहिजे.

कलत्या दांड्यातून फिरकी नेण्याची पहिली युक्ती जुनी आहे. दोन काटे आणि त्यांच्या मध्ये एक फुली, असा तो सांधा असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने त्याचा अभ्यास केला. या सांध्याला एक खोड आहे. सरळ असताना तो निमूटपणे फिरतो, पण वाकवला की त्याचा वेग एकसारखा राहात नाही. ३० अंशांनी वाकवला तर आतला दांडा समान गतीने फिरत असताही बाहेरचा दांडा एका फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी मंदावतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी धाव घेतो. ट्रकच्या पोटाखाली जो लांब दांडा दिसतो त्याच्या दोन्ही टोकांना असे क्रॉस असतात, आणि दोहोंचे काटे एकाच पातळीत बसविले व दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले, तर एकाची खोड दुसरा भरून काढतो. ट्रकला हे पुरते. पण ज्या मोटारीत पुढचीच चाके रेटतात आणि वळतातही, तेथे हा सांधा हादरे देऊ लागतो.

त्यावर उपाय निघाला तो विसाव्या शतकात. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात असा सांधा योजला की, ज्यात सहा पोलादी गोळ्या आतल्या व बाहेरच्या वाटीच्या खोबणींत बसतात, आणि सांधा कितीही वाकला तरी त्या गोळ्यांची पातळी कोनाला बरोबर मधोमध छेदते. त्यामुळे वेग दोन्ही बाजूंस सारखा राहातो. १९५९ साली इंग्लंडात अलेक इसिगोनिस यांची मिनी निघाली तेव्हा या जातीच्या सांध्यामुळेच छोट्या मोटारीत इंजिन आडवे टाकून पुढची चाके रेटणे व्यवहार्य झाले. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात गुडगावातून जी मारुती ८०० बाहेर पडली, ती याच घराण्यातली. तिच्या प्रत्येक पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा भरीव पोलादाचा; बाहेरच्या टोकाला वळणाऱ्या चाकाबरोबर वाकणारा सांधा, आणि आतल्या टोकाला कलणारा व सरकणाराही सांधा. वर रबराचे घडीदार पायमोजे चढविलेले असतात. ते फाटले की आतले ग्रीस उडून जाते, धूळ शिरते, आणि वळणावर कटकट असा आवाज येऊ लागतो. तो आवाज बहुतेक श्रोत्यांनी ऐकला असेल.

माझ्या शेजाऱ्यांनी अशाच एका मारुतीचा आश्रय घेतला होता. २०१८ साली राजधानीच्या परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आल्यावर चांगल्या अवस्थेतल्या कित्येक लहान मोटारी मोडीत गेल्या. मायापुरीच्या भंगारात त्यांचे अवयव वजनावर मिळत. जे तेथे नाही ते काश्मीरी गेटच्या बाजारात नवे मिळे. त्यांनी इंजिन, गिअरपेटी आणि दोन्ही दांडे असा एक अखंड संच उचलला आणि तो चालकाच्या पाठीमागे बसविला. परदेशांतले हौशी लोक ही रीत फार दिवस वापरीत आले आहेत. पुढची चाके रेटणारा संच जसाच्या तसा मागे नेला की मागची चाके रेटणारी, मधोमध इंजिन असलेली, खेळकर मोटार मिळते. हातून घडविण्याचा भाग पुष्कळ कमी होतो.

पण एक भाग उरतो. त्यांनी फायबरचे जे कवच घडवून घेतले होते ते मारुतीपेक्षा अरुंद होते. चाके कवचाच्या आत घ्यावयाची तर प्रत्येक बाजूचा दांडा ४५ मिलिमीटरांनी आखूड व्हावयास हवा होता. मी त्यांना विचारले, “काका, मग सांगाडा रुंद का करीत नाही?” ते म्हणाले, “अहो, अंगरखा शिवून झालाय. आता माणसाला रुंद कसा करू?” वस्तुतः माझा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. जाणकार लोक सांगतात की, जुन्या संचाचे दांडे हे पहिले माप धरावे आणि बाकीची मोटार त्यांच्याभोवती आखावी. पण हौस ही नेहमी रूपापासून सुरू होते, दांड्यापासून नव्हे.

पटपडगंजच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक वयस्क कारागीर आहे. दांडे त्याच्याकडे गेले. त्याने ते मधोमध कापले, तुकडा काढला, दोन्ही टोकांवर जाड नळी चढविली आणि सभोवार वेल्डिंग केले. काम देखणे होते. या माणसाला कोणी अडाणी समजू नये. त्याने जन्मभर ट्रकांचे लांब दांडे आखूड केले आहेत, लांब केले आहेत, आणि त्यांतले बहुतेक अजून रस्त्यावर धावत असतील. मग येथे काय बदलले?

फरक असा आहे. ट्रकचा तो लांब दांडा नळीचा असतो, साध्या जोडण्याजोग्या पोलादाचा असतो, आणि मूळ कारखान्यातही त्याची टोके वेल्डिंग करूनच बसविलेली असतात. शिवाय तो गिअरपेटी आणि डिफरेन्शियल यांच्या मध्ये असतो; म्हणजे पिळाची शेवटची वाढ अजून व्हावयाची असते. तो जलद फिरतो, पण त्या मानाने हलका पीळ वाहतो. चाकाजवळचा दांडा याच्या उलट आहे. सगळी वाढ होऊन गेल्यावर पीळ त्याच्या हाती येतो. छोट्या मोटारीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ बारा ते सोळा पटींनी वाढलेला असतो, आणि तो दोन दांड्यांनी वाटून घ्यावा लागतो. म्हणून हा दांडा भरीव करतात, आणि त्याच्या पृष्ठभागाला कारखान्यात पाणी दिलेले असते. पाणी देणे हा शब्द आपल्या लोहाराचा. विळ्याच्या धारेला तो तापवून पाण्यात बुडवितो तेच तत्त्व, फक्त येथे विजेच्या वेटोळ्याने ठराविक खोलीपर्यंत कातडी कठीण केलेली आणि आतला गाभा चिवट ठेवलेला. अशा पोलादावर वेल्डिंगची ज्योत धरली की जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा असा तयार होतो की, तेथले पाणी उतरलेले असते, आणि त्याच्या लगतच कोठे कोठे काचेसारखा ठिसूळपणा आलेला असतो. जोड बळकट असतो; मोडते ती त्याच्या शेजारची जागा. त्यातून जोड केसाएवढा जरी वाकडा राहिला, तर प्रत्येक फेऱ्याला दांडा तेथे लवतो. बारा इंची लहान चाकाचे किलोमीटरमागे सहाशेच्या वर फेरे होतात. असे किती किलोमीटर ते पोलाद सोसणार?

आमच्याकडे त्याने एकही किलोमीटर सोसला नाही. एका रविवारी सकाळी मोटार तळघरातल्या वाहनतळाचा उतार चढून वर येत होती. पहिला गिअर, पायाखाली पूर्ण जोर, आणि मध्येच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. इंजिन मोकळे सुटून ओरडू लागले आणि मोटार हळूहळू मागे घसरू लागली. येथे एक गोष्ट अशी आहे की जी प्रत्येक हौशी माणसाने ध्यानात ठेवावी. एक दांडा मोडला की डिफरेन्शियल आपला सगळा पीळ त्या मोडक्या, मोकळ्या बाजूला सोडून देते. दुसरे चाक शाबूत असूनही मोटार पुढे जात नाही. इतकेच नव्हे, तर गिअरमध्ये ठेवलेली मोटार उतारावर थांबून राहात नाही, कारण चाकाला इंजिनाशी बांधणारी साखळीच तुटलेली असते. राहिला हातब्रेक. पण हा संच मुळात मारुतीच्या पुढच्या चाकांचा. त्या गाडीचा हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो. संच मागे नेताना नव्या मागच्या चाकांना हातब्रेक आपोआप येत नाही, तो मुद्दाम बसवावा लागतो, आणि शेजाऱ्यांनी ते काम पुढच्या महिन्यावर टाकले होते. पायाचा ब्रेक लागला, मोटार थांबली. उताराच्या तळाशी मुले क्रिकेट खेळत होती.

मोडलेला तुकडा मी पाहिला. जोडापासून बोटभर अंतरावर दांडा तिरप्या, गोल जिन्यासारख्या रेषेने फाटला होता. शाळेतल्या खडूचा तुकडा दोन्ही हातांनी पिळून पाहा. तो आडवा तुटत नाही, ४५ अंशांच्या नागमोडी रेषेने तुटतो. ठिसूळ वस्तूंची ती सही आहे. चिवट पोलाद पिळून तुटले तर आडवे, सपाट तुटते, आणि तुटण्यापूर्वी पुष्कळ वळते. म्हणजे काही सूचना देते. आमच्या दांड्याने सूचना दिली नव्हती.

त्यानंतरचे चार महिने शेजाऱ्यांनी घालविले ते मापे घेण्यात. हा भाग मला सर्वांत मनोवेधक वाटला, कारण त्यात पोलाद कमी आणि विवेक अधिक आहे. प्रथम स्प्रिंगा काढून टाकावयाच्या. चाक हाताने सर्वांत वर न्यावयाचे, मग सर्वांत खाली, आणि मधल्या पाचसहा ठिकाणी थांबून आतल्या सांध्यापासून बाहेरच्या सांध्यापर्यंतचे अंतर दर वेळी टिपून ठेवावयाचे. दांडा आडवा असताना हे अंतर बहुधा सर्वांत कमी असते आणि तो कलला की वाढते. सर्वांत कमी अंतरात आतला सरकता सांधा तळाला टेकता कामा नये. टेकला तर प्रत्येक खड्ड्याला दांडा गिअरपेटीवर घणासारखा आदळेल. सर्वांत जास्त अंतरात तो बाहेर निसटता कामा नये. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये, मोटार आपल्या वजनावर उभी असताना, सांधा असावा. त्यावरून दांड्याची लांबी निघते. दोन्ही बाजूंची निराळी काढावी लागते, कारण आडव्या इंजिनाची गिअरपेटी मधोमध नसते आणि एक दांडा मुळातच दुसऱ्यापेक्षा लांब असतो. कोनांचाही हिशेब आहे. बाहेरचा गोळ्यांचा सांधा चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वाकू शकतो. आतला सरकता सांधा वीस-बावीस अंशांपलीकडे नाराज होतो. मागे नेलेल्या संचात चाके वळत नसल्यामुळे बाहेरच्या सांध्याला आराम मिळतो. पण इंजिन उंच बसविले गेले तर सगळा त्रास आतल्या सांध्याच्या वाट्याला येतो. शेजाऱ्यांना इंजिन दोन बोटे खाली उतरवावे लागले, आणि ते ऐकून कार्यकारिणीतल्या विरोधी तटाला विनाकारण आनंद झाला.

दांडे मग नवेच करविले. एन २४ या जातीच्या मिश्र पोलादाची सळई घेतली. तीच लेथ, तोच कारागीर. आधीचे दांडे मोडल्याचे त्याला वाईट वाटले होते. पण रागावला नाही, आणि नव्या कामाचे नकाशे त्याने दोनदा वाचून घेतले. टोकांवरच्या उभ्या खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, त्या जुन्या सांध्याच्या खाचांशी दात न् दात जुळाव्या लागतात. ते काम लेथवर होत नाही, त्यासाठी खाचा पाडणारे निराळे यंत्र लागते. शेवटी उष्णतासंस्कार, आणि त्यानंतर कठीणपणाची तपासणी. मला चकित करणारी गोष्ट अशी की, दांड्याचा मधला भाग खाचांच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवतात, आणि जाडी जेथे बदलते तेथे काटकोन न ठेवता गोलाई देतात. मी म्हटले, बळकट हवा तर बारीक का? उत्तर असे की, पीळ कोठेतरी शोषला जावयास हवा. तो खाचांच्या मुळाशी साचला तर तेथून चीर जाते; लांब मधल्या भागावर पसरला तर दांडा स्प्रिंगेसारखा किंचित वळतो आणि परत येतो. पण हे बारीक करणेही बेतानेच. भरीव दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २५ मिलिमीटरांचा दांडा २२ चा केला तर डोळ्याला फरक दिसत नाही, परंतु जवळजवळ तिसरा हिस्सा शक्ती निघून जाते. गंज घासून काढण्याच्या निमित्ताने दांडा लेथवर लावणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

नव्या दांड्यांवर शेजाऱ्यांनी टोकापासून टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे. दांडा सोसण्यापलीकडे पिळला गेला तर ती रेघ नागमोडी होईल, आणि मोडण्यापूर्वी कळेल. रंगाचा डबा सत्तर रुपयांचा. इतक्या स्वस्तात इतके खरे सांगणारे उपकरण माझ्या पाहण्यात नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या धंद्याकडे येतो. ही मोटार रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रात लिहिलेले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा निराळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थच मान्य केला. संपूर्ण नव्या मोटारीसाठी केंद्रीय नियमांतला १२६ वा नियम आहे. तो उत्पादकाला सांगतो की, नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या. अशा संस्थांपैकी एक पुण्यास आहे, एक अहिल्यानगरास, आणि एक तर आमच्या राजधानी परिसरातच, मानेसर येथे. पण हा सगळा मार्ग हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेला आहे. एकुलत्या एका मोटारीच्या कर्त्याला त्या रस्त्याने जाण्याची ऐपत असणार नाही.

हा कडकपणा वेडेपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. तो उतार आणि ती मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी हौद्यावर बसवून केलेली ‘जुगाड’ वाहने माणसे भरभरून धावत. अपघात झाला की भरपाई कोणाकडून मागावयाची हाच प्रश्न पडे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, जुगाड हेही कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच आहे आणि त्याला सर्व नियम लागू आहेत. नियम लागू आहेत म्हटल्यावर नोंदणी नाही, विमा नाही, म्हणजे चालविणे नाही, हे ओघानेच आले.

तथापि कडकपणा आणि बंद दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगली जिल्ह्यात यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या अवयवांतून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, पायाने किक मारून सुरू होणारी एक छोटी जीप बांधली. २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, आणि त्याच वेळी हेही बजावले की, ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रोखतील. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती लोहार कुटुंबाच्या दारात आली. गोष्ट गोड आहे. पण एका उदार माणसाने जे केले ते राज्ययंत्रणेचे उत्तर होऊ शकत नाही. त्या जीपचे दांडे कसे आहेत, ब्रेक कसे लागतात, हे सरकारतर्फे कोणी तपासून लोहारांना सांगितले असते, तर त्यांच्या हातची दुसरी मोटार पहिलीपेक्षा चांगली झाली असती, असे मला वाटते.

इंग्लंडात हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. तेथे १९५७ साली लोटस सेव्हन ही मोटार सुट्या भागांच्या पेटीतून विकली जाऊ लागली, कारण सुट्या भागांवर त्या काळचा खरेदी कर बसत नसे. जोडण्याच्या सूचना पेटीत घातल्या तर सवलत जाई. म्हणून मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाइकाने त्या उलट वाचाव्या, अशी आख्यायिका आहे. (करआकारणी खात्यात काम केलेल्यांस ती खरी वाटेल.) पुढे अशा घरगुती गाड्या इतक्या झाल्या की १९९८ पासून एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत तेथे सुरू झाली, आणि २००९ पासून ती अधिक कसोशीने चालू आहे. निरीक्षक गाडीखाली शिरतो, ब्रेक, सुकाणू, दिवे, धारदार कडा, धूर, सगळे पाहातो. त्रुटी लेखी देतो. माणूस त्या दुरुस्त करून पुन्हा येतो.

आपल्या कायद्यात अशी वेगळी वाट काढता येत नाही, असेही नाही. अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बदललेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पन्नास वर्षांहून जुन्या, जतन केलेल्या मोटारींच्या नोंदणीची खास तरतूद २०२१ मध्ये झाली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध मंडलावर, जेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे जगातल्या नामांकित शर्यती झाल्या, तेथे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या गाड्या घेऊन आली, आणि तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्यावाचून त्यांना धावपट्टीवर सोडले गेले नाही. म्हणजे एकेक गाडी तपासण्याचे ज्ञान आपल्याजवळ आहे, तपासणारी माणसे आहेत. नाही तो अर्जाचा नमुना.

शेजाऱ्यांनी आपल्या परीने त्या अर्जाची सिद्धता करून ठेवली आहे. पोलादाचा दाखला, कठीणपणाच्या तपासणीचे आकडे, दोन्ही दांड्यांचे नकाशे, चाक वरखाली करून टिपलेली मापे, नव्याने बसविलेल्या हातब्रेकचा आराखडा, आणि पांढऱ्या रेघेची दर महिन्याच्या एक तारखेस काढलेली छायाचित्रे, असे सारे कागद त्यांनी पृष्ठांक घालून, निळ्या फितीने बांधून, एका धारिकेत लावले आहेत. धारिका कशी लावावी हे त्यांनी मला विचारले होते, ते मी सांगितले. ती कोणत्या कचेरीत द्यावी, हेही त्यांनी विचारले आहे. ते मला अजून सांगता आलेले नाही.